हललेले ओठ

कॅज्युअल्टीतल्या ब्रदरला फोटोंचा भारी नाद. पण बेशुद्ध माणसालाही सांगितल्याशिवाय सुई न टोचणारा हा गडी विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढत नसे.

नुकत्याच वारलेल्या बाईंचा शेवटचा फोटो त्यांच्या नवऱ्याने मागितला, तेव्हाही त्याने विचारलं, "ताई, काढू ना?"

फोटोत पलंग, घड्याळ, चादरीच्या सुरकुत्या स्पष्ट आल्या. फक्त ओठ पुसट होते, बोलताना हलल्यासारखे.

त्याने नाडी पाहिली. लागली नाही.

"कॅमेरा हलला असेल. न्या आता यांना," डॉक्टर म्हणाले.

"कॅमेरा स्टँडवर आहे, साहेब. माझा पेशंट बोलत असताना मी कुणाला नेऊ देत नाही."

त्याने पलंगाचा ब्रेक दाबला आणि पुन्हा फोटो काढला.

या फोटोत बाईंची मान दाराकडे, बाहेर थांबलेल्या नवऱ्याकडे वळली होती. प्रत्यक्षात पलंगावर मान अजून सरळच होती.