अंधाऱ्या खोलीचा पहारा

“आत जायचं नाही म्हणजे नाही!” आईंनी काठी दारात आडवी धरली.

“अगं आई, माझे मोजे कुठेयत, एवढंच विचारायचंय तिला.”

“दोन मोज्यांपायी तिचा अख्खा डोंगर जाळशील? दार उघडलं की उजेड आत शिरतो आणि कागद काळा ठिक्कर पडतो. घाल कालचेच.”

चिरंजीव कालचेच मोजे शोधायला मागे फिरले.

सात वर्षं रोज चार ते पाच हा पहारा चालला होता. सूनबाई ज्या फोटो स्टुडिओत कामाला होती तो बंद पडला, तेव्हा मालकाने मुदत संपलेल्या फोटोच्या कागदाचे गठ्ठे आणि रसायनांच्या बाटल्या तिलाच देऊन टाकल्या. बाथरूमशेजारच्या अडगळीच्या खोलीत तिने आपलं बस्तान बसवलं. कॅमेरा नाही, फिल्म नाही. कागदावर मध, तेल, नेलपॉलिश, हाताला लागेल ते माखायचं आणि कागद एकदा या ट्रेमध्ये, एकदा त्या ट्रेमध्ये बुडवायचा. त्यातून डोंगर उगवायचे, धुक्यातले किनारे, कुणीच न पाहिलेली माळरानं.

दारावरचा लाल दिवा लागला की आई स्टूल टाकून बाहेर बसत. नातवंडांची भांडणं परस्पर मिटवत. लेकीचा फोन आला की सांगत, “तुझी वहिनी अंधारात आहे. मला सांग काय ते.” दाराखाली कधी उजेडाची पांढरी रेघ दिसली, तर जुना टॉवेल कोंबत. आतून गुणगुणणं ऐकू आलं की त्यांना बरं वाटे. अंधारात पोर घाबरत नाही म्हणायची!

मग त्या डोंगरांचं प्रदर्शन लागलं. उद्घाटनाला भर दुपारी ही गर्दी. आई नव्या साडीत पुढच्या खुर्चीवर. तेवढ्यात कलादालनाच्या संचालिका माईकवर म्हणाल्या, “आता त्या आपल्यासमोर एक चित्र करून दाखवतील!”

आईंनी मान वळवून चहूकडे पाहिलं. भिंतभर काचेच्या खिडक्या, वर ढीगभर दिवे. चारचौघांत पोरीचं हसं होणार.

“अरे, पडदे ओढ!” त्यांनी लेकाला कोपराने ढोसलं. तो बायकोच्या डोंगरासमोर आ वासून उभा होता. आज घरचा एकही माणूस कामाचा नव्हता. आईच उठल्या. दोन पडदे ओढले, तिसरा अडकला तो तसाच सोडला आणि दिव्यांची बटणं पटापट बंद केली.

“आजी, हे काय करताय?” संचालिका धावत आल्या.

“तुमची चूक निस्तरतेय! सात वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेय मी दारात. माशी आत जाऊ दिली नाही. आणि तुम्ही तिला भर उन्हात बसवता?”

सगळे हसले. सूनबाई तेवढी हसली नाही. ती आली, तिने दिवे लावले, पडदे सरकवले आणि आईंना हाताला धरून टेबलाशी नेलं.

“आजचा कागद तुम्ही बुडवायचा, आई.”

“मी? अगं, वाया जाईल!”

“जाऊ दे की.”

आईंनी मध माखलेला कागद चिमट्यात धरला, डोळे मिटले आणि बुडवला. कागद काळा पडू लागला तशी त्या म्हणाल्या, “बघ! सांगत होते ना?” सूनबाईने तो दुसऱ्या ट्रेमध्ये सोडायला लावला. काळ्यातून पांढरं फुटलं. एक कडा वर आला, त्याच्यापाठी दुसरा. आईंचा हात थरथरला त्या जागी चक्क नदी वळली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लेकाने शिट्टी मारली. आई लहान पोरीसारख्या हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी वरच्या दिव्यांकडे पाहिलं, खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं आणि मग सुनेकडे.

“अगं,” त्या हळूच म्हणाल्या, “मग इतकी वर्षं तो अंधार…?”

सूनबाईने त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

“अंधार नाही लागत, आई. दार लागतं.”