सुतारपक्ष्याचं उत्तर

त्या दुर्मिळ जातीचा एक जरी सुतारपक्षी सापडला, तरी उरलंसुरलं रान तोडीतून वाचणार होतं. म्हणून पक्षी मोजणाऱ्या ताईने छोट्या स्पीकरवर त्याची साद वाजवली, आणि झाडीतून चक्क उत्तर आलं. सोबत आलेल्या नवऱ्याला आभाळ ठेंगणं झालं, पण ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतकी वर्षं मुका असलेला हा पक्षी आजच पोपटासारखा कसा बोलायला लागला? तिने पुन्हा साद वाजवली. पुन्हा उत्तर आलं, तेच आणि तेवढंच.

"कोणीतरी आपली फिरकी घेतंय," ती म्हणाली.

"तू ना, देव भेटला तरी त्याचं ओळखपत्र मागशील."

ती आवाजाच्या रोखाने तरातरा निघाली. बरंच चालावं लागेल म्हणून पाण्याची बाटली घेतली होती. ती उघडायच्या आतच रान संपलं आणि पलीकडचा डांबरी रस्ता लागला. कडेच्या झाडाखाली, गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक म्हातारा बसला होता. त्याच्या मांडीवर तिच्यासारखाच स्पीकर होता.

तिला पाहून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," तो कुजबुजला. "आत एक आहे. आत्ताच दोनदा मला उत्तर दिलंय त्याने."