उत्तरांची फाइल

“एकटाच आहेस ना तिथे?” फोनवर दादाने विचारलं.

“एकटाच.”

“मग खोली सोडून हलू नकोस. संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा मशीन झाली पाहिजेत.” दादाने फोन ठेवला.

धाकटा खोटं बोलला होता. शेजारीच त्याची बायको उभी होती, मागच्या दाराने आलेली, डावा हात गळ्यात बांधलेला. गेल्या आठवड्यात दादा त्याला लाथांनी तुडवत होता, तेव्हा ती मध्ये पडली. दादाने तिचा हात जिन्याच्या कठड्यावर धरला आणि मोडला. कारण काय, तर धाकट्याने वेगळं व्हायचं म्हटलं. “वेगळा झालास तर मुडदा पाडीन,” दादा म्हणाला होता. तो बोलेल ते करणारा माणूस. तेव्हाच धाकट्याने ठरवलं, आता एकतर तो राहील, नाहीतर आपण.

भावाभावांचा धंदा कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर डेटाबेस बसवून द्यायचा. बसवताना मशीन छप्पन्न प्रश्न विचारतं. कुठल्या डिस्कवर? पासवर्ड काय? अटी मान्य? दादा एकेक उत्तर हाताने भरायचा. धाकट्याने मात्र सगळी उत्तरं एका फाइलीत लिहून ठेवली होती. ती फाइल लावली की मशीन कोणाला काही विचारत नाही, आपलं आपण बसवत सुटतं. महिन्यापूर्वी मोठ्या हौसेने दादाला दाखवायला गेला, तर कानाखाली आवाज निघाला. “खुर्चीत माणूस हवा! हे आळशाचे धंदे मला सांगू नकोस.”

आज तेच आळशाचे धंदे उपयोगी पडणार होते. प्रत्येक मशीनची वेळ नोंदीत उमटते. दोन मशीनांमध्ये त्याने पाच-सात मिनिटांचा खंडही टाकला होता. माणूस म्हटला की आळोखेपिळोखे द्यायला उठणारच. उद्या कोणी विचारलंच तर नोंद सांगेल, हा बाबा दुपारभर इथेच होता.

“आणि दाराच्या काचेतून कोणी डोकावलं तर?” बायकोने विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने त्याचा कोट खांद्यावर ओढला, त्याची टोपी घातली आणि दाराकडे पाठ करून खुर्चीत बसली.

“हात दुखेल तुझा.”

“दुखू दे. तू मात्र अर्धवट सोडून येऊ नकोस. जखमी साप डूख धरतो.”

तिच्या पाठीवरून त्याने हात फिरवला. या बाईसाठी तो काहीही करायला तयार होता. त्याने पिशवीत लोखंडी पाना टाकला आणि मागच्या दाराने निघाला.

दादाचं काम पत्र्याच्या कारखान्यात चाललं होतं. स्कूटरवरून अर्धा तास. वाटेत त्याने मनातल्या मनात घाव मोजले. कानामागे एक. खाली पडला की आणखी दोन. मग हलायचा थांबेपर्यंत.

पत्रा कापणाऱ्या यंत्रांनी कान किटत होते. इथे कोणी बोंबललं तरी ऐकू जाणार नव्हतं. ऑफिसचं दार लोटलेलं. त्याने लाथ घातली, आत धावला आणि दाराकडे पाठ असलेल्या उंच खुर्चीवर, डोकं असेल तिथे, सगळा जोर लावून पाना हाणला.

खुर्ची फुटली. खुर्चीत कोणी नव्हतं.

पडद्यावर काम चालूच होतं. नववं मशीन संपलं. सहा मिनिटं थांबून दहावं सुरू होणार होतं. प्रश्न एकही नाही. कोपऱ्यात एक फाइल उघडी होती, वर धाकट्यानेच महिन्यापूर्वी लिहिलेली ओळ: ‘दादासाठी, सोपं करून.’

तेवढ्यात फोन वाजला. दादा.

“कुठे आहेस रे तू?” दादा धापा टाकत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज कापत होता. “पाठमोरी होती रे ती. तुझा कोट होता अंगावर. मला वाटलं, तूच आहेस.”