रेस द्या, वैनी

कुमार सरपोतदारांनी अठ्ठेचाळीस सालची ती मोटार पनवेलला आणली, त्या दिवसापासून अरुंधती त्यांच्याशी बोलत नव्हती. सहा महिन्यांचे सगळे रविवार त्यांनी मोटारीखाली आडवं पडून घालवले. बायकोला मात्र दारालाही हात लावू दिला नाही. म्हणे, तुझ्या हाताला घाम फार, पत्रा गंजेल.

आज गव्हाणहून काशिराम मिस्त्री पहिल्यांदाच आला. पुढे वाकून त्याने हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. त्याने मान वर करून काचेतून आत पाहिलं.

"वैनी, जरा रेस द्या!"

मागे पेट्रोलचा डबा धरून उभ्या असलेल्या कुमारना बरं वाटलं. आली म्हणायची एकदाची खाली!

दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं आणि आवाज चढत गेला.

"बास, वैनी! पाय काढा!"

आवाज चढतच राहिला. कुमार धावत पुढे आले आणि खिडकीतून आत वाकले. सीटवर कोणीच नव्हतं. रेसचं पेडल सावकाश वर येत होतं, पुन्हा खाली दाबलं जात होतं.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून, सहा महिन्यांनी, अरुंधतीचा आवाज आला.

"मला दाराला हात लावू दिला नाहीत. आणि तिला थेट स्टिअरिंगवर बसवलंत?"