आडवी पडलेली सुई

"तुझ्या गाडीतनं एकदा माहेरी ने रं," असं अण्णांच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं कणकुंबीहून पत्र येऊन वर्ष झालं. अण्णांनी चार उत्तरं लिहिली, चारही फाडली. जुन्या गाडीखाली खटखट वाजायचं. घाटात आक्काला घेऊन अडकलो तर? शेवटी पुस्तकात बघत स्वतःच चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा झिजलेला जोड बदलायला बसले. नव्या जोडाच्या टोकांवरची शेवटची लोखंडी वाटी बसेना. उजेडासाठी बॅटरी धरून त्यांची बायको जयाबाई कंटाळल्या. "अवो, किती इचार करतासा? ठोका की!" अण्णांनी हातोडी उचलली, पण मन धजेना. वाटी काढून पाहिली, तर आत कडेनं उभ्या बसवलेल्या बारीक पोलादी सुयांपैकी एक आडवी पडलेली. ठोकलं असतं तर जोड बिघडला असता! "तुमची शंका पयल्यांदाच कामाला आली," जयाबाई हसल्या. सुई सरळ करताच वाटी बसली, गाडी मुकाट पळाली. पोस्टापाशी थांबून अण्णांनी कार्डावर 'रविवारी येतो' एवढंच लिहिलं आणि ते पुन्हा न वाचताच पेटीत टाकलं.