तुटवड्याचा तास

हेमराज सरांनी त्या दिवशीचं गुजराती वर्तमानपत्र फळ्याच्या चौकटीत खोचलं आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: तुटवडा.

व्हरांड्यातल्या खांबाशी उभ्या असलेल्या सुषमाने नाक मुरडलं. सुरतेत प्लेग शिरलेला, सरकारने शाळांना कुलपं लावलेली, मराठी वस्तीचं अर्धं लिंबायत भुसावळच्या गाडीला लोंबकळत गावाकडे पळालेलं. आणि हा माणूस मागच्या पटांगणात फळा टेकवून बारावीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवत होता. तोंडाला रुमाल, हातात खडू. आव असा, जणू याच्या शिकवण्यानेच साथ हटणार.

सुषमा त्याच शाळेत मराठी शिकवायची. हेमराजची ही वर्तमानपत्राची खोड पहिल्यापासून तिच्या डोक्यात जायची. कांदा महागला की कांद्यावर तास. पांडेसऱ्यात कापडाच्या डाइंगची मिल बंद पडली की बेकारीवर तास. पुस्तक शिकवायची कुवत नाही म्हणून रद्दीवर गुजराण करतो, असं ती स्टाफरूममध्ये त्याच्यादेखत म्हणायची. तो हसायचा. त्याचं ते हसणंही तिला बावळट वाटायचं.

ती स्वतः गावी गेली नव्हती. गाठोडी डोक्यावर घेऊन स्टेशनाकडे धावणाऱ्यांची तिला कीवही येत नव्हती. मेंढरं नुसती.

"बातमी काय म्हणते?" हेमराजने विचारलं.

"प्लेगवरच्या गोळ्यांचा, टेट्रासायक्लिनचा, साठा भरपूर आहे," विकास म्हणाला.

"आणि दुकानदार?"

"स्टॉक नथी. एवढंच सांगतात."

"मग खोटं कोण बोलतंय? पेपर की दुकानदार?"

प्रियांका उठली. "दोघंही खरं बोलत असतील, सर. माल आला असेल, पण कुणीतरी सगळाच उचलला असेल."

हेमराजचा चेहरा असा उजळला की सुषमाला शिसारी आली. माणसं मरताहेत, आणि याला पोरीने बरोबर उत्तर दिल्याचा आनंद.

"याला म्हणतात साठेबाजी," तो म्हणाला. "पुस्तकात दोन ओळींत उरकलीय. आपण ती प्रत्यक्ष बघू. लिंबायतची दुकानं झाली. उद्या पांडेसरा आणि कतारगाम. दुकानदाराला एवढंच विचारायचं, शेवटचा माल कुणी नेला."

तास सुटल्यावर प्रियांका सुषमापाशी आली. तिचे वडील लूमवर कामाला होते, ते सुषमाला ठाऊक होतं.

"मॅडम, आबांना ताप भरलाय. आमच्या गल्लीत महापालिकेच्या गोळ्या अजून आल्या नाहीत. तुमच्याकडे एखादं पाकीट असेल का?"

"माझ्याकडे कुठून असणार गं?" सुषमाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सरांच्या नादाने दुकानं हिंडण्यापेक्षा आबांजवळ बस."

"उद्याच्या दिवस जाते, मॅडम. इथले दुकानदार सगळे एकाच माणसाचं सांगतात. घाऊक भावाच्या वर पैसे देऊन घेऊन गेला म्हणे. कतारगामला त्याचं नाव कळेल, असं सर म्हणतात."

सुषमा तिथून थेट मुख्याध्यापकांच्या घरी गेली. शालिग्राम सर ट्रंकेला दोरी बांधत होते. धुळ्याची तयारी. एवढा मोठा शाळेचा प्रमुख, आणि पळायची ही घाई. सुषमाने बसायचीही तसदी घेतली नाही.

"सरकारची बंदी असताना हेमराज पोरं जमवतात, सर. उद्या त्यांना शहरभर पाठवणार आहेत. एखादं पोर दगावलं तर आयाबाया कुणाच्या दारात येतील?"

शालिग्राम सरांनी दोरी सोडली. "माझ्या," ते म्हणाले.

"मग जाण्याआधी एवढं तरी करून जा."

सकाळी ते खरंच आले. पोरं जोड्या करून निघायच्या बेतात होती.

"हेमराज, बंद करा हे. पोरांना घरी पाठवा."

"सर, आजचा एक दिवस द्या. नाव हाती आलं की मी स्वतः कलेक्टर कचेरीत जातो. माल कुठेतरी पडून आहे, आणि इथे..."

"एक तासही नाही. नोकरी हवी असेल तर फळा आत ठेवा."

सुषमा पुढे झाली. "पोरांनो, घरी जा. लोकांच्या मरणाचा धडा करायचा नसतो."

पोरांनी माना खाली घातल्या. त्यांना ते पटलं. प्रियांका मात्र फाटकापर्यंत जाऊन पुन्हा मागे वळून बघत राहिली, मग तीही गेली.

हेमराजने 'तुटवडा' हा शब्द रुमालाने पुसला. खडूची भुकटी हाताला तशीच ठेवून तो सुषमाकडे आला.

"मॅडम, माझा राग नाही तुमच्यावर. पोरांच्या काळजीने केलंत तुम्ही. माझंच चुकलं असेल."

एवढा शिकून हा माणूस इतका खुळा कसा, असा विचार करत सुषमा घराकडे चालू लागली. रस्ता ओस पडला होता. औषधाच्या दुकानाच्या फळीपाशी माणसं मुकाट उभी होती. तिने पदर नाकाला लावला आणि पलीकडच्या कडेने गेली.

घरी तिचा नवरा पंडित दाराला आतून कडी घालून बसला होता. तिने ठरलेला ठोका दिल्यावरच त्याने दार उघडलं.

"मास्तर थांबला?"

"थांबला."

पंडितने सुस्कारा सोडला आणि मागच्या खोलीकडे पाहिलं. तिथे टेट्रासायक्लिनची खोकी खिडकीच्या वरपर्यंत रचलेली होती.

"मग आजच काढूया का माल? भाव चांगला चढलाय."

सुषमाने माठातलं पाणी घेतलं, सावकाश प्यायली.

"आज नको," ती म्हणाली. "अजून लोकांना पळायला गाड्या मिळताहेत. त्या बंद होऊ देत."