जोडीची सायकल

"पुढं मी, मागं तू," दौलतशेठ म्हणाले आणि पुढच्या सीटवर आडवे झाले.

प्रश्न मिटला. कमळ मागच्या सीटवर बसली. पाठ टेकली, पाय पुढं केले, पायडलपर्यंत पोचतात का ते चाचपून पाहिलं. पोचत होते.

वडप्याच्या त्या गोदामात पाठ टेकून चालवायच्या परदेशी सायकली येत. तीन चाकं, जमिनीलगत सीट, पायडल पुढं. आरामखुर्चीला चाकं लावावीत तशी. गावात तिला आडवी सायकल म्हणत. गोदामाची जागा दौलतशेठची, म्हणून नवा माल आला की पहिली निवड त्यांची. गेल्या वर्षी त्यांनी एक निवडली होती, ती कमळसाठी. तिच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी सायकल सांगितली होती. शेठ म्हणाले होते, आधी मी चालवून बघतो. ते अजून बघतच होते.

आता दुसरी घ्यायची होती. आल्या आल्या कमळची नजर कोपऱ्यातल्या तांबड्या सायकलीवर गेली. एकाच माणसाची, बुटकी, तिच्या मापाची. "मला ही चालंल," ती म्हणाली.

शेठना ही दोन सीटांची पसंत पडली. "दोघं दोन सायकलींवर हिंडलो तर नवराबायको कुठनं वाटायचो? आन तुला एकटीला झेपायची न्हाय ती."

"झेपंल," कमळ म्हणाली. पुन्हा म्हणाली, "झेपंल मला."

तीस वर्षांत ती एक गोष्ट दोनदा म्हणाली नव्हती. शेठ जरा दचकले. मग त्यांनी अट घातली. "ह्या सायकलीवर गेटपासनं पुलापर्यंत जाऊन येऊ. तुझ्यात दम दिसला तर तांबडी. न्हायतर ही घ्यायची, आन परत विषय काढायचा न्हाय."

गोदामातला मेकॅनिक सुमित तेलकट हात पुसत पुढं आला. "शेठ, जरा थांबा. अजून पुढची..."

"अरे, मला नको शिकवू. वर्षभर चालवतोय मी."

"तसं न्हाय शेठ. दोघांचे पाय एका तालात फिरायला लागतात, त्याच्यासाठी..."

"घेईल ती जमवून माझ्या तालावर. चल गं, मार पाय!"

कमळनं पाय मारला. सायकल गेटाबाहेर पडली. मागून सुमित ओरडत धावला. शेठना वाटलं, कौतुकानं ओरडतोय. त्यांनी मागं न बघता हात केला.

पहिल्याच चढाला कमळच्या मांड्या भरून आल्या. शेजारून कंटेनर धूळ उडवत जात होते. समोर शेठचे पाय गरगर फिरत होते, तिचे जेमतेम वळत होते. "किती हलकी चालतीय बघ!" शेठ ओरडले. कमळला स्वतःची लाज वाटली. हा माणूस रोज एवढं रेटतो, आणि आपण लेकीला, मेघालीला, फोनवर सांगायचो की तुझा बाप झोपून गाव फिरतो! तिला नवऱ्याबद्दल आदर वाटला. बऱ्याच वर्षांनी वाटत होता, त्यामुळे तो ओळखायला जरा वेळ लागला.

पण ती थांबली नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता गोदामं होती. तिथं तिनं वीस वर्षं भाताचे भारे वाहिले होते. सिमेंटखाली गेलेले बांध तिला अजून पाठ होते. भारा मध्येच टेकायचा नाही, पुढच्या बांधापर्यंत न्यायचा. मग त्याच्या पुढच्या. तशीच ती पुलापर्यंत गेली.

पुलाच्या चढावर चहाच्या टपरीवर गावातला लहानू उभा होता. शेठनी पाय थांबवले आणि निवांत हात वर केला. "लहानू, बघ! बायकोला फिरवतोय!"

सायकल चढावर चालतच राहिली. परदेशी माल, शेठ म्हणाले.

गेटात परत आले तेव्हा शेठच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. कमळचा पदर भिजला होता, पाय लटपटत होते.

"बघितलंस?" शेठ उतरत म्हणाले. "दोघांचं वजन मी एकट्यानं ओढलं, तरी मला काय झालं न्हाय. आन तू नुसती बसून घामाघूम. ह्याला दम म्हंतात काय?"

कमळला ते पटलं. खरंच होतं ते. तिनं एकदाच तांबड्या सायकलीकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"सुमित, हीच घरी पोचव," शेठ म्हणाले.

सुमित जागचा हलला नाही. जागामालकाला काय सांगावं आणि कसं, हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्यानं पाठीमागचा हात पुढं केला. हातात काळीभोर चेन लोंबत होती.

"शेठ, पुढची चेन तेल द्यायला काढलेली. ती इथंच राहिली. हेच सांगत होतो मघाशी. तुमचं पायडल नुसतंच फिरत होतं."

शेठनी चेनकडं पाहिलं. मग सायकलीकडं. मग पुलापर्यंतच्या रस्त्याकडं.

"मग ओढली कोणी?" त्यांनी विचारलं. सगळ्या गोदामात हा प्रश्न पडलेले ते एकटेच होते.

कमळनं मान वर केली. पदरानं सावकाश तोंड पुसलं, लटपटत्या पायांनी कोपऱ्यात गेली आणि तांबड्या सायकलीच्या सीटवर हात ठेवला.

"सुमित, ही दे रं मला," ती म्हणाली. "ह्यांना ओढायचा दम हाय माझ्यात. हौस न्हाय."